मुलाचा हात आवरावा कसा?

प्रश्न : माझा मुलगा दारूच्या अमलात सुनेला मारतो, शुद्धीवर येताच माफी मागतो. चारचौघांत समज दिली तर सुधारेल का?
— एक सासू, कोल्हापूर

उत्तर : बाईसाहेब, जो इसम वरिष्ठांपुढे हात आवरतो आणि घरी मात्र उगारतो, त्याचा दोष केवळ मद्याचा नव्हे, म्हणून व्यसनमुक्ती इष्ट असली तरी तेवढ्याने मारहाण थांबेलच असे नाही, आणि चारचौघांतील मानभंगाचा सूड तो बहुधा सुनेवरच उगवील. आधी तिची इच्छा एकांतात विचारा; ती तयार असल्यास कायद्याचा आधार घ्या. शाहू छत्रपतींनी १९१९ सालीच करवीर संस्थानात स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. आज २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमान्वये संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज केल्यास दंडाधिकारी मुलास समुपदेशनाचा हुकूम देऊ शकतात, आणि संरक्षण-आदेश मोडल्यास वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांक फिरवा. धीर सोडू नका. सासूचीच साक्ष असली, तर सुनेच्या अर्जास मोठे बळ येते.