पडद्यावरचे संग्रहालय: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

तिसरी-चौथीच्या वर्गासाठी संग्रहालयाचा ऑनलाइन विज्ञान कार्यक्रम घ्यायचे ठरले की शाळेत पहिला प्रश्न निघतो, "मुलामागे किती काढायचे?" त्याआधी विचारायला हवे ते वेगळेच: आपण विकत काय घेतो आहोत? कारण एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या गोष्टी मिळतात. एक, संग्रहालयाची दालने पडद्यावर फिरून पाहणे. दुसरी, संग्रहालयातला शिकवणारा माणूस ठरल्या वेळी पडद्यावर येऊन तुमच्या वर्गाशी बोलतो, प्रयोग करून दाखवतो आणि मुलांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरे देतो. पहिली गोष्ट जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांनी फुकट ठेवली आहे. तिच्यासाठी कोणी मुलामागे पन्नास रुपये मागत असेल, तर ते देऊ नका. पैसे मोजायचे असतील तर त्या माणसाच्या वेळेचे मोजा.

फुकटात काय मिळते ते आधी पाहू, कारण ते खरोखर मोलाचे आहे. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन नैसर्गिक इतिहास संग्रहालयाची दालने त्यांच्या संकेतस्थळावर चहूबाजूंनी फिरवून पाहता येतात. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे ‘ओलॉजी’ हे खास मुलांसाठीचे संकेतस्थळ आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियमने ‘सायन्स स्नॅक्स’ या नावाने साध्या सामानातून करायचे प्रयोग मांडून ठेवले आहेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये 2017 पासून छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडाही घरबसल्या पाहता येतो.

पण नुसते पाहून मुलांना त्याचा आकार कळत नाही. पडद्यावर देवमासा आणि मुंगी सारख्याच मापाचे दिसतात. हा सांगाडा 25.2 मीटर लांब आहे. पटांगणात तेवढी सुतळी अंथरा आणि तिच्या कडेने मुलांना डोक्याला पाय लावून झोपवा. तिसरीतली वीसेक मुले लागतील. सुतळीचा खर्च वीस-तीस रुपये. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमातले हे सर्वांत सार्थकी लागलेले पैसे.

मराठी माध्यमाच्या शाळांसाठी भाषेचा प्रश्न मोठा असतो, म्हणून दोन ठिकाणे आवर्जून सांगते. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत असताना कचऱ्यातून विज्ञान खेळणी बनवण्याच्या ज्या छोट्या फिल्म तयार करून घेतल्या, त्यांतल्या कितीतरी मराठीत आहेत आणि सगळ्या विनामूल्य आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संचातली अनेक परस्परसंवादी प्रात्यक्षिकेही मराठीत उघडतात. जुन्या याद्यांमध्ये मात्र ‘गूगल एक्स्पिडिशन्स’चे नाव अजून दिसते. ते अ‍ॅप 2021 मध्येच बंद झाले. त्याच्या भरवशावर कोणी ‘पॅकेज’ विकत असेल तर सावध व्हा.

आता थेट सत्राकडे येऊ. अमेरिकेतली संग्रहालये अशा सत्राचे शुल्क बहुधा मुलामागे न घेता वर्गामागे घेतात. शेसव्वाशे डॉलरपासून काहीशे डॉलरपर्यंत ते जाते आणि मुलांच्या संख्येवर मर्यादा असते. समजा 35 मुलांच्या वर्गासाठी 150 डॉलर सांगितले. डॉलर 90 रुपयांचा धरला तर 13,500 रुपये झाले. कार्डाने पैसे भरताना बँक परकी चलनाचा अधिभार लावते. तो साडेतीन टक्के असेल तर 472 रुपये, आणि त्या अधिभारावर 18 टक्के जीएसटी म्हणजे आणखी 85. एकूण 14,057 रुपये, मुलामागे 400च्या आसपास. पत्रकावर 150 डॉलर वाचून मुलामागे 385 काढले असतील, तर उरलेले साडेपाचशे-सहाशे रुपये कोणा शिक्षिकेच्या पर्समधून जातात. हे नेहमी होते आणि ते टाळायला हवे.

पैशांपेक्षा मोठा अडसर वेळेचा. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. आठ वर्षांचे मूल त्या वेळी शाळेत नसते आणि घरी असले तरी पेंगुळलेले असते. लंडनचे सकाळी दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच किंवा साडेतीन, ते दुपारच्या शाळेत बसते. सिंगापूरचे दुपारी बारा म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ, सकाळच्या शाळेला उत्तम. अमेरिका आणि ब्रिटन वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात, तेही वेगवेगळ्या रविवारी. म्हणून मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधली सत्रे ठरवताना वेळ ‘भारतीय वेळेनुसार’ लेखी मागून घ्या. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना ही अडचण नाही. त्यांनी शाळेबाहेरच्या गटासाठी, उदाहरणार्थ रविवारच्या मराठी शाळेसाठी, दर निराळा आहे का ते विचारावे. कमी उत्पन्नाच्या वस्तीतल्या शाळांना सवलत देणारी संग्रहालयेही तिथे आहेत.

भाषेचा खर्च कोणी हिशोबात धरत नाही. बोलणारा इंग्रजीत आणि वर्ग मराठी असला की बाईंना प्रत्येक वाक्य उलगडून सांगावे लागते. पंचेचाळीस मिनिटांच्या सत्रात मुलांच्या वाट्याला वीस-बावीस मिनिटे येतात आणि त्यातून प्रश्न गळतात. मी स्वतः पाहिलेल्या एका सत्रात तर पहिली अकरा मिनिटे आवाजच येत नव्हता. लॅपटॉपचा स्पीकर चाळीस मुलांच्या वर्गाला पुरत नाही, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी हात वर करून बसली होती. तिची पाळी येण्याआधी वेळ संपली. तो हात मी विसरलेले नाही. म्हणून पैसे भरण्याआधी माझे आग्रहाचे प्रश्न दोन असतात: 35 मुलांपैकी किती जणांना बोलायला मिळेल? आठवडाभर आधी मुलांचे प्रश्न इंग्रजीत करून पाठवता येतील का? चांगले संग्रहालय याला आनंदाने हो म्हणते.

पडद्यामागचा खर्चही पाहा. झूमवर गटाच्या व्हिडिओ संभाषणाला तासाला साधारण एक ते अडीच जीबी डेटा लागतो. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल प्लॅनवर पाऊण तासाचे सत्र निघते, पण त्या दिवशी सकाळपासून त्या फोनवर दुसरे काही पाहायचे नाही. बैठक संग्रहालयाने उघडली तर शाळेला झूमचे पैसे भरावे लागत नाहीत. शाळेने विनामूल्य खात्यावरून उघडली तर ती 40 मिनिटांत बंद पडते. प्रोजेक्टर भाड्याने आणण्याआधी गावात कोणाकडे मोठा टीव्ही आहे का ते पाहा. एचडीएमआय केबल दोन-चारशे रुपयांत येते. लग्नकार्यात माइक-स्पीकर लावणारा गावातला माणूस शाळेसाठी पाऊण तास बहुधा फुकटही येईल. आवाजावर खर्च आधी करा, चित्रावर नंतर.

काही कार्यक्रमांसोबत प्रयोगाचे ‘किट’ येते आणि तिथे रक्कम फुगते. किटमध्ये काय आहे याची यादी मागा आणि ती वाचूनच होकार द्या. आम्ल-अल्कली ओळखण्याचा कागद असेल तर तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. हळद पाण्यात कालवून गाळण कागदाला लावा, वाळवा आणि त्यावर साबणाचे पाणी टाका. डाग लाल होतो, लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. हळद आणि चुन्यापासून कुंकू होते, हे एखादी आजी वर्गात येऊन सांगेल तर मुले ते जन्मभर विसरणार नाहीत. सूक्ष्मदर्शक हवाच असेल तर मनु प्रकाश यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत घडलेला कागदी ‘फोल्डस्कोप’ पाहा. घडी घालून बनणारा हा सूक्ष्मदर्शक वस्तू 140 पट मोठी दाखवतो. पाच मुलांत एक पुरतो आणि सत्र संपल्यावरही शाळेत राहतो.

डोळ्यांवर चढवायचे व्हीआर चष्मे घेऊन शाळेत येणाऱ्या कंपन्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: प्राथमिक वर्गांसाठी नको. मेटा कंपनीच्या चष्म्यांना वयाची किमान अट 13 वर्षे होती. 2023 मध्ये ती पालकांच्या देखरेखीखाली 10 वर आली. पहिली ते चौथीची बहुतेक मुले त्याखालीच भरतात. शिवाय एक मूल पाहते तेव्हा बाकीची रांगेत उभी असतात.

कोणतीही रक्कम ठरवण्याआधी जवळच्या सरकारी विज्ञान केंद्राला फोन करावा. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, नागपूरचे रमण विज्ञान केंद्र, गोव्यात मिरामारचे विज्ञान केंद्र, ही तिन्ही राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची. तिथल्या शिक्षण विभागाला ऑनलाइन प्रात्यक्षिकाबद्दल तर विचाराच, पण फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बसबद्दलही विचारा. हाताळता येणारी उपकरणे घेऊन ही बस गावोगाव जाते. ती तालुक्यात येणार असेल तर ऑनलाइनचे पैसे राखून ठेवा. शाळा केंद्रापासून दीड-दोन तासांवर असेल तर एसटीच्या शैक्षणिक सहलीच्या सवलतीतले भाडे आणि प्रवेश शुल्क यांची बेरीज मांडून पाहा. ती 14,000 च्या जवळ आली तर मी डोळे झाकून एसटी निवडीन. पडद्यावरचे संग्रहालय हे ज्यांना बसने पोचता येत नाही त्यांच्यासाठी आहे: दुर्गम पाड्यावरची शाळा, आजारपणामुळे घरीच असलेले मूल, किंवा देवमाशाचा सांगाडा पाहायला लंडन गाठू न शकणारे आपण सगळे.

नोंदणी करताना ई-मेलवर एवढे लिहून घ्या. शुल्क वर्गामागे की मुलामागे, आणि त्यात कर धरला आहे का. वीज किंवा इंटरनेट गेले तर सत्र पुन्हा मिळेल की पैसे परत. सत्राचे चित्रीकरण होणार का, आणि त्यात मुलांचे चेहरे व नावे दिसणार का. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती लागते. म्हणून पालकांच्या सह्या शाळेने आधीच घ्याव्यात आणि पडद्यावर मुलांची पूर्ण नावे लिहू नयेत. भारतातल्या विक्रेत्याने पैसे घेऊन सत्र दिले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. परदेशी संग्रहालयाबाबत तो मार्ग फारसा उपयोगी पडत नाही, तेव्हा तिथे पैसे परतीची अट वाचल्याशिवाय कार्डाचा क्रमांक टाकू नका. आणि सत्राच्या आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर, त्याच वेळेला एकदा जोडून पाहा. शेवटच्या बाकावर बसून ऐका.