संशोधनाचा निष्कर्ष कसा पारखावा?

आरोग्यविषयक चर्चेत "हे संशोधनाने सिद्ध झाले आहे" असे कोणी म्हटले की पुढील प्रश्न बहुधा खुंटतात. तथापि पाहणीची पद्धतच सदोष असेल, तर प्रामाणिकपणे जमविलेल्या आकड्यांवरूनही चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. गर्भपातामुळे स्तनाचा कर्करोग होतो, हा समज याचे बोलके उदाहरण होय.

या समजाला आधार म्हणून दाखविल्या जाणाऱ्या अनेक पाहण्यांत कर्करोग झालेल्या व निरोगी अशा दोन्ही गटांतील स्त्रियांना पूर्वीच्या गर्भपाताविषयी विचारण्यात आले व उत्तरांची तुलना करण्यात आली. वरकरणी ही रीत निर्दोष भासते. परंतु रुग्ण स्त्री आपल्या व्याधीचे कारण शोधीत असते. म्हणून ती गतायुष्यातील घटना आठवून सांगते. निरोगी स्त्रीला मात्र अशी खाजगी गोष्ट परक्यापुढे उघड करण्याचे प्रयोजन वाटत नाही. परिणामी एका गटाची नोंद पूर्ण व दुसऱ्याची अपुरी राहते आणि नसलेला संबंध आकड्यांत दिसू लागतो.

यावर उपाय म्हणजे आजारापूर्वीच झालेल्या नोंदी तपासणे. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदवह्यांच्या आधारे सुमारे १५ लाख स्त्रियांचा अभ्यास झाला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गर्भपातामुळे एकंदर धोका वाढल्याचे आढळले नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १६ देशांतील ५३ पाहण्यांचा एकत्रित पडताळा प्रसिद्ध केला. त्यात कर्करोग झालेल्या सुमारे ८३,००० स्त्रियांची माहिती होती. आधी नोंदविलेल्या माहितीत धोक्याची वाढ नव्हती. ती दिसली, ती मागाहून विचारलेल्या माहितीत.

गर्भपाताविषयी कोणाचे नैतिक मत काहीही असो, तो प्रश्न निराळा आहे. मताच्या समर्थनार्थ चुकीचा आकडा पुढे केल्यास स्त्रीच्या मनात विनाकारण भय व अपराधभाव निर्माण होतो. मग स्तनात गाठ जाणवली तरी ती संकोचाने डॉक्टरांकडे जाणे टाळण्याचा संभव असतो.

म्हणून शिक्षक, आरोग्यसेविका व ग्रामपंचायत सदस्य यांनी कोणताही निष्कर्ष लोकांपुढे मांडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत: माहिती केव्हा व कशी गोळा केली? तुलना कोणाशी केली? खर्च कोणी सोसला? इतर संशोधकांनाही तेच आढळले काय? आपल्याला अनुकूल असलेला निष्कर्षही याच कसोटीवर घासून घ्यावा.