स्वानेतीचे बुरूज

जॉर्जिया देशात, कॉकेशस पर्वताच्या ऐन गाभ्यात, स्वानेती हा प्रदेश वसला आहे. झुगदिदी शहर सोडून मोटार उत्तरेस निघाली, की एनगुरी नदीची सोबत लाभते. नदीवरील २७१ मीटर उंचीचे प्रचंड धरण मागे पडते. पुढे एका अंगास कडा, दुसऱ्या अंगास खोल दरी! मेस्तिया गाव येते, तेव्हा प्रवाशाची दृष्टी हिमशिखरांआधी घरोघरच्या दगडी बुरुजांवर खिळते.

हे बुरूज राजाचे नव्हेत. ते एकेका कुटुंबाचे. त्यांपैकी बरेचसे नवव्या ते बाराव्या शतकांत बांधले गेले. मजले तीन ते पाच. भिंतींची जाडी वर वर कमी होत जाते, म्हणून बुरूज निमुळता दिसतो. लगतच्या घरात माणसे व गुरे एकाच शेकोटीच्या उबेने हिवाळा कंठीत. माडीवर वैरण असे व तेथूनच बुरुजात शिरण्याचे दार असे.

परचक्र आले, की सारे कुटुंब बुरुजात आश्रय घेई. परंतु सारेच वैरी परके नव्हते, ही खेदाची गोष्ट. खुनाचा सूड खुनाने घेण्याची रूढी येथे होती. शेजाऱ्याच्या भयानेही कित्येकांना त्या अंधाऱ्या भिंतींआड दिवस काढावे लागले.

मेस्तियापलीकडे सुमारे ४५ किलोमीटरांवर, २,१०० मीटर उंचीवर उशगुली आहे. तेथील चाझाशी गावात अशी दोनशेहून अधिक घरे टिकून आहेत. १९९६ साली युनेस्कोने त्यांस जागतिक वारसा मानले. आता त्याच बुरुजांखालून सायंकाळी गुरे निर्धास्तपणे घरी परततात.