‘डोळे आले होते का?’ – डॉ. नोशीर वाडिया यांच्या संशोधनातून एक पाठ

१९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात प्रथम आढळलेला हा आजार चांद्रमोहिमेच्या काळात उद्भवल्याने तिकडे ‘अपोलो’ या नावाने ओळखला गेला. डोळे लालभडक होत व आठवड्याभरात बरे होत. म्हणून कोणी त्याची फारशी धास्ती घेतली नाही.

मात्र त्याच सुमारास काही प्रौढ रुग्ण वेगळीच तक्रार घेऊन आले. पाठीत व मांड्यांत तीव्र वेदना, मागोमाग पायांतील शक्ती जाणे, गुडघ्याचा प्रतिक्षेप नाहीसा होणे. चित्र थेट पोलिओचे. परंतु पोलिओ हा प्रामुख्याने बालकांचा आजार. जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर होरमसजी वाडिया यांनी या रुग्णांच्या पूर्वेतिहासाकडे बारकाईने पाहिले. पाय लुळे पडण्याच्या काही दिवस ते काही आठवडे आधी त्यांचे डोळे आले होते! १९७२ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हा संबंध मांडला. एन्टेरोव्हायरस ७० हा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींना व मज्जामुळांना इजा करतो, हे पुढे स्पष्ट झाले. सौम्य रुग्ण सावरले. पण तीव्र आघात झालेल्या कित्येकांच्या मांड्या कायमच्या वाळल्या. त्यांच्यासाठी खास औषध नव्हते.

डॉ. वाडिया (१९२५–२०१६) इंग्लंडमधील प्रशिक्षणानंतर मुंबईस परतले व पुढे जसलोक रुग्णालयातही त्यांनी कार्य केले. डोळ्यांची हालचाल मंदावणाऱ्या एका आनुवंशिक तोलविकाराचे नऊ कुटुंबांवरून केलेले वर्णनही १९७१ चेच. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

आपल्या बिरसी परिसरात या पाठाचे मोल वेगळे आहे. गोंदिया-भंडारा भागात उभ्या धानाच्या बांधीत लाखोळी पेरण्याची रीत जुनी. टंचाईच्या काळात दीर्घकाळ तीच डाळ मुख्य आहार झाली, तर पाय निकामी होऊ शकतात. पण ते पाय ताठर होतात, प्रतिक्षेप वाढलेले असतात व रुग्ण चवड्यांवर, पाय कातरीसारखे आडवे टाकत चालतो. येथे दोष मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणाऱ्या तंतूंत असतो. लुळ्या पायांत तो मज्जारज्जूतील पेशी, मज्जामुळे, नसा वा स्नायू यांपैकी कोठे तरी असतो. हा भेद ओळखण्यास प्रथम लागतो तो एक साधा हातोडा आणि धीराने विचारलेले प्रश्न. ‘काय जेवता?’ हे आपण विचारतो. ‘महिन्याभरात डोळे आले होते का, ताप आला होता का?’ हे मात्र बहुधा राहून जाते, आणि बरे झालेले डोळे रुग्णाच्याही स्मरणात नसतात.

पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय अचानक लुळे पडल्यास ते तत्काळ आरोग्य यंत्रणेस कळवावे लागते. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला, तरीही चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने चौदा दिवसांच्या आत घेणे आवश्यक आहे. ‘दोन दिवस वाट पाहू’ असे म्हणून मुलास घरी ठेवू नये.