सामायिक नामावली

एकाजवळ असलेले पत्ते दुसऱ्यास हवे असणे हा कोणत्याही कचेरीतील नित्याचा प्रसंग होय. पूर्वी टेबलावरची वही उचलून दिली जाई. ती सबंधच द्यावी लागे, आणि खाडाखोड कोणी केली हे मागाहून कळत नसे. जेथे कचेरीचे टपाल मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरवर असते, तेथे आउटलुकमध्ये हेच काम अधिक विवेकाने होते.

प्रत्येकाचे पत्त्यांचे फोल्डर मुळात खासगी असते. ते दुसऱ्यास उघडावयाचे तर आधी मालकाची परवानगी हवी, आणि सारे मर्म या परवानगीतच आहे. ‘रिव्ह्यूअर’ ही पायरी केवळ वाचू देते. ‘एडिटर’ झालेला मनुष्य नवी नोंद करू शकतो, जुनी बदलू शकतो, पुसूही शकतो. पुसलेली नोंद मालकाच्याच फोल्डरातून जाते, कारण येथे वेगळी प्रत नसते. दोघांपुढे वही एकच. माझ्या मते बहुतेक कामांस वाचनाची परवानगी पुष्कळ झाली. ती मिळाली की जुन्या धर्तीच्या आउटलुकमध्ये सहकारी ‘ओपन शेअर्ड कॉन्टॅक्ट्स’ ही आज्ञा देऊन मालकाचे नाव लिहितो.

शाळेचेच पाहा. तुमच्या वडिलांनी आपला दूरध्वनी क्रमांक वर्गशिक्षकांस दिलेला असतो, साऱ्या कचेरीस नव्हे. तेव्हा जी नावे द्यावयाची ती निराळ्या फोल्डरात ठेवून तेवढेच सामायिक करावे. काम संपताच परवानगी काढून घेता येते. मात्र सहकाऱ्याने तोवर उतरवून घेतलेले पत्ते त्यायोगे परत येत नाहीत.