स्वस्त नग की जवळचे दुकान? स्कूबा व्यापाराचा धडा

कोणत्याही धंद्यात मालाची किंमत वेगळी आणि सेवेची किंमत वेगळी असते. दुकानदार मात्र दोन्ही एकाच बिलात घालतो. त्यामुळे गिऱ्हाइकाला फक्त मालाची किंमत दिसते आणि सेवा त्याला फुकट वाटते. ऑनलाइन बाजाराने नेमका याच ठिकाणी घाव घातला आहे. हे नीट समजून घ्यायचे असेल तर व्यापारी बांधवांनी अमेरिकेतील स्कूबा साहित्याच्या व्यापाराकडे पाहावे. आपल्याकडे मालवण-तारकर्लीला हा खेळ आता रुजला आहे. पण दुकान विरुद्ध इंटरनेट हा झगडा तिकडे फार आधी सुरू झाला.

मालाचे स्वरूप

स्कूबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरणे. समुद्रात दर 10 मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे 200 बार दाबाने हवा भरलेली असते. ती थेट श्वासात घेता येत नाही. रेग्युलेटर हे उपकरण तिचा दाब दोन टप्प्यांत उतरवते. पहिला टप्पा टाकीच्या तोंडाशी असतो, दुसरा माणसाच्या तोंडाशी. त्यातील रबरी कड्या झिजतात आणि खारे पाणी आत राहिले तर धातू खराब होतो. म्हणून उत्पादक ठरावीक काळाने सर्व्हिसिंग करून घ्यायला सांगतात. अमेरिकेत या टाकीची दर 5 वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. दरवर्षी आतून तपासणी करण्याचीही रीत आहे. चाचणीची मुदत संपलेली टाकी जबाबदार दुकानदार भरत नाही.

म्हणजे नग टपालाने येऊ शकतो. पण टाकीतली हवा, दुरुस्ती आणि शिकवणी टपालाने येत नाहीत.

गिऱ्हाइकाचा हिशोब

गिऱ्हाइकाला दोष देऊन भागणार नाही. इंटरनेटवर भाव कमी असतो आणि निवडीला वाव मोठा असतो. मुखवटा, पायातले पंख, पिशव्या असा साधा माल तिथून घेतला तर फारसे बिघडत नाही. तरीही मुखवटा चेहऱ्यावर नीट बसला नाही तर आत पाणी शिरते, म्हणून तोसुद्धा लावून पाहिलेला बरा.

रेग्युलेटरची गोष्ट वेगळी आहे. अनेक कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालालाच हमी देतात. काही कंपन्या वेळेवर सर्व्हिसिंग केल्यास सुटे भागही मोफत देतात. समजा, दुकानात रेग्युलेटर 30,000 रुपयांना आहे आणि अनधिकृत विक्रेत्याकडे 24,000 रुपयांना. फरक 6,000 रुपयांचा. सर्व्हिसिंगला दर वर्षी 1,500 रुपयांचे भाग लागत असतील आणि हमी नसल्याने ते विकत घ्यावे लागत असतील, तर चार वर्षांत हा फरक फिटतो. त्यापुढे स्वस्त नग महाग पडतो. खरेदीपूर्वी हमी कोण देतो आणि दुरुस्ती कुठे होते, हे विचारणाऱ्याला हा हिशोब आधीच कळतो.

दुकानदार कुठे अडकला?

अमेरिकेतील बऱ्याच दुकानांनी शिकवणीची फी कमी ठेवली होती. शिकलेला माणूस साहित्य आपल्याकडूनच घेईल, त्यात फी वसूल होईल, असा त्यांचा अंदाज होता. इंटरनेट आल्यावर माणूस शिकला दुकानात, साहित्य लावून पाहिले दुकानात आणि खरेदी केली घरी बसून. मग काही दुकानदार चिडले. बाहेरून घेतलेला माल आम्ही दुरुस्त करणार नाही, असे ते सांगू लागले. त्यामुळे दुरुस्तीची मजुरीही गेली आणि गिऱ्हाईकही तुटले.

हाच मुद्दा चामड्याच्या धंद्यातून न्यायालयातही गेला. लीजिन ही चामड्याच्या वस्तू बनवणारी कंपनी ठरवलेल्या भावाखाली विकणाऱ्या दुकानाला माल देईना. सेवा देणाऱ्या दुकानाच्या जिवावर सवलतवाला धंदा करतो, हा अशा धोरणामागचा युक्तिवाद. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी 1911 पासूनचा नियम बदलला. किमान विक्रीभाव ठरवणे आपोआप बेकायदा नाही, प्रत्येक प्रकरण परिणाम पाहून तपासावे, असे ठरले. भारतातही 2002 च्या स्पर्धा कायद्यात अशा करारांचा स्पर्धेवर काय परिणाम होतो, हे पाहिले जाते. तरीही लहान दुकान कायद्याच्या आधारावर तगेल, असे समजू नये.

आपण काय घ्यावे?

1) सेवेचा दर वेगळा लावा आणि तो फलकावर लिहा. चष्मेवाल्याने नजर तपासणीचे, कारागिराने दुरुस्तीचे पैसे उघडपणे घ्यावेत. माल आपल्याकडूनच घेतला तर त्यातून सूट द्यावी.

2) बाहेरून घेतलेला नगही दुरुस्तीला घ्या. दुरुस्तीला आलेला माणूस उद्याचे गिऱ्हाईक असतो.

3) इंटरनेटच्या भावाशी प्रत्येक नगावर झुंजू नका. जो माल लावून, मोजून, बसवून द्यावा लागतो, त्यावर भर द्या.

4) हमी लेखी द्या आणि ती पाळा.

गिऱ्हाइकांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुकानदाराचा तास दीड तास घेऊन, माल पारखून, खरेदी दुसरीकडे केली, तर त्याच्या कष्टाचे मोल कुणीच दिलेले नसते. असे दुकान बंद पडले की किनाऱ्यावर टाकी भरून देणारा कोणी उरत नाही. मग घरातले स्वस्त साहित्य कोरडेच राहते.