रान आहेच, मग बांधावर झाडं कशाला?

प्रश्न : आमच्या जोयडा तालुक्यात जिकडे पाहावं तिकडे जंगल. तरी बांधावर जिवंत कुंपण करा, पडीक जागेत झाडं लावा, असं सांगतात. त्याची खरंच गरज आहे का? लावायचीच तर भरभर वाढणारी अकेशिया का नको?

उत्तर : शंका रास्त आहे. काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान तुमच्या शेजारीच आहे. पण रानातल्या झाडांची मुळं तुमच्या बांधाची माती धरायला येत नाहीत.

झाडं लावली की पाऊस वाढतो, असं अनेकांना वाटतं. जोयड्याचा पाऊस अरबी समुद्रावरचे वारे घाटाला अडल्यामुळे पडतो. बांधावरच्या झाडांनी तो वाढत नाही. झाडांचं काम पाऊस पडल्यावर सुरू होतं. उघड्या उतारावर थेंबांच्या माराने माती सुटते आणि ओहोळातून वाहून जाते. पालापाचोळा तो मार झेलतो, मुळं माती धरतात आणि पाणी मुरायला उसंत मिळते.

कुंपण सोपं आहे. पावसाच्या तोंडावर गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या पुरा. त्यांना लवकर फुटवे येतात. झाड शेंगवर्गीय असल्याने त्याच्या पाल्यात नत्र भरपूर असतं. तो भातखाचरात गाडावा. मध्ये करवंद आणि निर्गुडी लावा. करवंदाचे काटे गुरांना अडवतात, निर्गुडीला गुरं तोंड लावत नाहीत. कोन या कंदाच्या वेलालाही चढायला आधार होतो. मात्र गवा किंवा हत्ती अशा कुंपणाने थांबत नाही.

कुंपणात साप येतात, हे खरं. पण ते उंदरांच्या मागे येतात आणि उंदीर तुमचं भात खातात. घराला खेटून मात्र दाट झाडी वाढवू नका.

आता अकेशिया. ती लाकूड लवकर देते, पण तिचा पाला गुरं खात नाहीत आणि तो कुजतही सावकाश. एकाच जातीची लागवड म्हणजे जंगल नव्हे. गरुड धनेशाचंच पाहा. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर फटीतून तिला उंबर-वडाची फळं भरवतो. तशी ढोली तयार व्हायला कित्येक दशकं लागतात; खाल्लेल्या फळांच्या बिया मात्र तो रानभर पेरत जातो.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी जुनी झाडं राखा, मग बांधावर मिश्र कुंपण करा आणि पडीक जागेत वड, उंबर, जांभूळ यांसारखी इथलीच झाडं लावा. नवी लागवड जुन्या रानाला जोड देते. तोडलेल्या रानाची भरपाई तिच्याने होत नाही.